खिडकीची वेळ

बाबांनी माझ्याकडे स्वेटर मागितला तेव्हा बाहेर चिखलीच्या रस्त्यावर कुत्रीसुद्धा सावली सोडायला तयार नव्हती. एप्रिलची भर दुपार, आणि माझे वडील माझ्या नव्या फ्लॅटच्या सोफ्यावर कानांना उपरणं गुंडाळून बसलेले. मला आधी हसू आलं, मग राग आला. माझं नेहमी असंच होतं. हसू आधी येतं, पण राग मागून येऊन त्याची जागा बळकावतो.

"बाबा, तथी जळगावात तुम्ही उन्हानं पडले होते, अन् इथं तुमाले थंडी वाजून राह्यली?"

"थंडी हाये तं वाजनच न बाई," बाबा शांतपणे म्हणाले.

जळगाव म्हणजे आमचं जळगाव जामोद, सातपुड्याच्या पायथ्याचं. आई गेल्यापासून बाबा तिथे एकटेच राहतात. आदल्या उन्हाळ्यात ते ओट्यावरच चक्कर येऊन पडले. शेजारचे त्यांचे मित्र, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर, सहज डोकवायला आले म्हणून निभावलं. सलाईन लावून झाल्यावर डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं आणि सांगितलं, पुढचा उन्हाळा यांना इथे एकटं ठेवू नका, पुन्हा असं झालं तर माझ्या हातात काही राहणार नाही. ते वाक्य मी वर्षभर उशाशी घेऊन झोपत होते. म्हणून होळी झाल्याबरोबर मी त्यांना जवळजवळ उचलूनच चिखलीला आणलं.

आणलं खरं, पण ठेवायचं कसं? आमच्याकडे जुनी माणसं लेकीच्या घरी मुक्काम करत नाहीत. लेकीच्या घरचं पाणीसुद्धा न पिणारे बाप मी लहानपणी पाहिले आहेत. बाबा तेवढे कडक नव्हते, चहा प्यायचे, जेवायचे. पण आल्या दिवसापासून "चार दिवसाले आलो" हेच पालुपद. अखजीच्या आधी घरी परतायचं, हे त्यांनी मनाशी पक्कं केलेलं होतं. अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या नावानं मातीची घागर भरतात. आईची घागर बाबा दरवर्षी जळगावच्या घरी भरतात. आणि अखजीचं जळगावचं ऊन कसं असतं ते मला कुणी सांगायला नको.

माझी सगळी भिस्त होती भिंतीवरच्या पाटीवर. आमची इमारत स्मार्ट आहे, असं बिल्डर सांगतो. स्मार्ट म्हणजे जिन्यात पाऊल टाकलं की दिवा लागतो, आणि मांजर गेलं तरी लागतो. पण एक गोष्ट खरोखर कामाची. हॉलच्या भिंतीवर तळहाताएवढी काचेची पाटी आहे आणि घरातल्या प्रत्येक खोलीचा गारवा तिच्यावरून ठरवता येतो. किती वाजता किती अंश, कोणत्या वारी किती, सगळं आधीच नेमून ठेवायचं. मग ती आपली आपण चालू होते, बंद होते. पुस्तिकेत तिचं नाव थर्मोस्टॅट. आमच्या घरात ती पाटीच.

मी बँकेत नोकरी करते आणि आमचे हे नागपूरला असतात, शनिवारी येतात. त्यामुळे पाटीचं सगळं शिक्षण मी एकटीनं घेतलं. हॉलला आणि बाबांच्या खोलीला दिवसभर चोवीस अंश लावले. स्वेटरचा प्रसंग घडल्यावर सव्वीस केले. बाबांनी एकदा चष्मा पुसायच्या फडक्यानं पाटीची काच पुसता पुसता सगळ्या खोल्यांचा गारवा बंद केला, तेव्हा मी पाटीला चार आकडी कुलूप घातलं. मला वाटलं, झालं, आता उन्हाळा माझ्या मुठीत.

पण रोज संध्याकाळी घरी यावं तर बाबांची खोली तापलेली. खिडकी बंद, पाटीवर सव्वीस, यंत्र सुरू, आणि बाबा घामानं भिजलेल्या बनियनवर वर्तमानपत्रानं वारा घेत बसलेले.

"बाबा, गार हवा येऊन नव्हती राह्यली काय?"

"येते न. ठीक हाये."

हे "ठीक हाये" मला चांगलं ओळखीचं. पाहुणा भाजीत मीठ नसलं तरी असंच म्हणतो. मी मेकॅनिकला फोनवर असं झापलं की तो बिचारा जेवण टाकून आला. त्यानं संध्याकाळभर तपासलं, सगळं ठाकठीक. रविवारी मी घरी असले, बाबा दिवसभर जावयासोबत हॉलमध्ये बसलेले असले, की त्यांची खोलीही गारेगार. सोमवारी पुन्हा भट्टी. मला रात्री गादीवर डॉक्टरांचं वाक्य टोचायला लागलं. ज्या उन्हातून बापाला काढून आणलं, ते ऊन माझ्याच घरात येऊन बसलं होतं.

मग एक सुटी मधेच आली. जेवणं झाली, मी माझ्या खोलीत आडवी झाले. डोळा लागतो न लागतो तोच कडी वाजली. उठून पाहिलं तर बाबा त्यांच्या खोलीची खिडकी सताड उघडून, दारही उघडं ठेवून, खुर्ची बरोबर मधोमध मांडून बसलेले. छतालगतच्या गार हवेच्या जाळीकडे तोंड केलेलं, तिथून आता झुळूक येईल अशा विश्वासानं. बाहेरून येत होती ती निव्वळ झळ. मी हॉलमध्ये जाऊन पाटी पाहिली. बाबांच्या खोलीपुढे उघड्या खिडकीचं बारीकसं चित्र लुकलुकत होतं आणि गारवा बंद. खिडकीच्या चौकटीत कुठेतरी बटण दडवलेलं असतं, खिडकी उघडली की यंत्र थांबतं. पुस्तिकेतलं ते पान मी वाचून विसरले होते. संध्याकाळी डास यायच्या आत बाबा खिडकी लावून घ्यायचे आणि यंत्र पुन्हा सुरू व्हायचं, म्हणून मला कधी दिसलं नव्हतं.

"बाबा! खिडकी काऊन उघडली?"

"काऊन म्हंजे? कूलरले खिडकी लागते. हवा जायाले जागा नको काय? घरात उबट होते मंग."

हे मला ह्याच माणसानं शिकवलं होतं. जळगावच्या घरी मागच्या खिडकीला लोखंडी कूलर होता. तो लावला की समोरची खिडकी उघडायची हे माझं काम, आणि विसरले की बाबा ओरडायचे, "खिडकी उघड वं, घर भिजवतं काय सारं!" अख्ख्या वऱ्हाडात कुणालाही विचारा, गारवा हवा तर खिडकी उघडी पाहिजे. बाबांनी मनोभावे तेच केलं होतं. हवा येईना तेव्हा त्यांना वाटलं लाइन गेली असेल, आणि लेकीच्या घरी तक्रार कशाची करायची म्हणून गप्प राहिले.

हे सगळं मला कळत होतं, तरी मी चिडले. भीतीनं माझा आवाज चढतो. "हा कूलर नोहे बाबा! अन् आजपासून या घरात कोन्त्याच गोष्टीले हात नका लावू. किती डाव सांगू तुमाले?"

बाबा उठले. खिडकी लावली, कडी नीट घातली. "घर तुह्यं हाये बाई," एवढंच म्हणाले आणि कपाटावरची पिशवी खाली काढली.

त्या क्षणी मला माझ्या जिभेचा इतका राग आला की सांगता येत नाही. बाबा धोतराची घडी घालत होते आणि पुटपुटत होते, सकाळी शेगावची गाडी भेटते, तथून जळगाव काही लांब नाही. त्यांना गाड्या सांगायची गरजच नव्हती. आयुष्यभर त्यांनी तेच केलं. ते एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. खिडकीमागे बसायचे, कोणती गाडी कोणत्या फलाटाला, कोणती लेट, ड्रायव्हर आला नाही तर कुणाला पाठवायचं, सगळं त्यांच्या डोक्यात. पोळ्याच्या दिवशी आई पुरणपोळ्या झाकून वाट पाहायची आणि बाबा अंधार पडल्यावर यायचे. "बदली मानूस आला नाही," हे एकच कारण. चार्ज घ्यायला माणूस आल्याशिवाय बाबांनी ती खुर्ची कधी सोडली नाही. आई म्हणायची, या माणसाला घरी आणायचं तर स्टँड घरी आणावं लागेल.

आईच्या ह्या बोलण्यानं मला वाट सुचवली. मी चहा केला, कप त्यांच्या हातात दिला आणि त्यांना हॉलमध्ये पाटीपुढे उभं केलं.

"बाबा, हे माह्याच्यानं होऊन नाही राह्यलं. बँकेत दिवसभर डोकं उठते अन् घरी आलं का हे. तीन खोल्या, हॉल, स्वयंपाकघर, सगळ्यायच्या येळा येगयेगळ्या. तुम्ही चार्ज घ्या." आणि मी त्यांना कुलपाचे आकडे सांगितले.

बाबांनी माझ्याकडे संशयानं पाहिलं. मग पाटीकडे. मग चष्मा कपाळावरून नाकावर आणला. "तू कितीले निंगतं?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. "अन् येतं कितीले? जावई शनिवारी कोन्त्या गाडीनं येतेत?" पिशवी पलंगावर तशीच राहिली. रात्री झोपायला गेले तेव्हा ती पुन्हा कपाटावर होती.

पहिले काही दिवस आमच्या घरात जो गोंधळ झाला त्याला तोड नाही. संध्याकाळचे पाच आणि पहाटेचे पाच यांत बाबांची गल्लत झाली आणि पहाटे मी कुडकुडत पांघरूण शोधत उठले, तर संध्याकाळी घामाघूम. बाजाराच्या दिवशी बाबा भाजी आणायला जाणार, म्हणून हॉलची "फेरी रद्द". शनिवारी ह्यांच्यासाठी "जादा गाडी", म्हणजे हॉलमध्ये एक अंश कमी. हे आले, दारातच "वा, काय गार आहे" म्हणाले आणि बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला तोंड फिरवून हसावं लागलं. पुढे पुढे घडी इतकी बसली की मी बँकेतून येऊन चपला काढायचे तेव्हा स्वयंपाकघर नुकतंच गार झालेलं असायचं. माझ्या पायांच्या आधी त्या घरात बाबांनी घेतलेली माझी काळजी पोचलेली असायची. मला ते फार आवडायचं.

खिडकीचाही निकाल त्यांनीच लावला. सकाळी ऊन चढेपर्यंत यंत्र बंद, खिडक्या सगळ्या उघड्या, हवा खेळती. ऊन चढलं की खिडक्या बंद, गारवा सुरू. एवढी साधी गोष्ट मला सुचली नव्हती. बाबा सकाळच्या त्या वेळेला "खिडकीची येळ" म्हणायचे आणि तेव्हा खिडकीशी बसून खालच्या रिक्षावाल्यांना पाहत दाढी करायचे.

तरी माझा जीव टांगणीलाच होता. अखजी जवळ येत होती आणि जळगावच्या ड्रायव्हरकाकांचे फोन सुरू झाले होते. अखजीच्या आदल्या दिवशी, रविवारी सकाळी, फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. बाबांना कमी ऐकू येतं, म्हणून त्यांचा फोन सगळ्या घराला ऐकू जातो.

"सलाम साहेब! कवा निंघून राह्यले? कूलरची वाळ्याची ताटी बदलून ठेवली तुमच्या. माठ बी भरून ठेवतो."

माझ्या हातातली आंब्याची कोय तशीच राहिली. मला वाटलं, आता बाबा जळगावला निघाले. वाटलं, पुढे होऊन फोन घ्यावा आणि काकांना ओरडून सांगावं की त्यांना बोलावू नका.

"नाही जमत भाऊ," बाबा म्हणाले. "ड्युटी हाये."

"ड्युटी? रिटायर होऊन किती साल झाले साहेब! कोनाची ड्युटी?"

"लेकीच्या घरची. चार्ज माह्याकडे हाये, अन् बदली मानूस भेटला नाही. पानी पडेपर्यंत काही सुटका नाही."

पलीकडून काका खो खो हसले. मग त्यांचा आवाज उतरला. "अन् वहिनीची घागर?"

मी कोय बाजूला ठेवली.

"घागर इथंच भरतो औंदा," बाबा म्हणाले. "तिले सापडते बरोबर. लेकीचं घर हाये न, तिले काय पत्ता सांगा लागते?"

मी नळ सोडला, उगाचच, कारण रडल्याचं त्यांना कळू नये असं मला वाटत होतं. फोन ठेवल्याचा आवाज आला. बाबा उठून पाटीपुढे गेले असावेत, कारण त्यांची हाक हॉलमधून आली.

"बाई, ऊन चढलं. खिडकी लाव."