सुगंधाताईंची सर्वांत जड फाइल

कॉम्प्युटर घ्यायला दुकानात गेलात, तर समोरचा माणूस तुम्हाला सर्वांत आधी काय विचारतो? तुमचं काम काय आहे, हे? नाही. "बजेट किती?" एवढंच विचारतो. मीही तेच विचारलं होतं.

"एक लाख," सुगंधाताई म्हणाल्या. "भिशीचा नंबर लागलाय. वर एक रुपया नाय. मॉनिटर घरी हाय."

मी सानपाड्याच्या एका दुकानात पीसी असेंबल करते. म्हणजे सुटे भाग निवडायचे, जोडायचे, चालू करून द्यायचे. सुगंधाताई तळवलीच्या, पन्नाशीच्या. नवऱ्याचा लग्नांच्या शूटिंगचा धंदा होता, नवरा गेल्यावर कॅमेरा यांनी उचलला. मी बजेट ऐकलं, "फोर के एडिटिंग" एवढं ऐकलं आणि दहा मिनिटांत कोटेशन लिहून दिलं. मोठं ग्राफिक्स कार्ड. त्याच्यासाठी पैसे उरावेत म्हणून प्रोसेसर घेतला तो नावाच्या शेवटी 'एफ' अक्षर असलेला. एफ म्हणजे ज्यात स्वतःचा ग्राफिक्सचा भाग बंद असतो तो. थोडा स्वस्त पडतो. कार्ड असल्यावर तो भाग हवाय कशाला, असं आम्ही सगळेच धरून चालतो.

सुगंधाताईंनी कोटेशन वाचलं, घडी घातली आणि पर्समधून पेनड्राइव्ह काढला.

"आता हा चालवून दाखव."

"ताई, एवढं मोठं कार्ड आहे. चालणारच."

"माझा बाप मिठागरावर होता, पोरी. चिमूटभर जिभेवर ठेवल्याबिगर त्यानं कोनाला मीठ नेऊ दिलं नाय. गिऱ्हाईक घाईत असलं तरी. चालव."

आमच्या धंद्यात असं कुणी म्हणत नाही. लोक चमकणारे दिवे बघतात, इन्फ्लुएन्सरचा व्हिडिओ दाखवतात आणि पैसे भरतात. गिऱ्हाइकाचं अज्ञान हा आमचा कच्चा माल आहे. हे मी काउंटरच्या या बाजूला उभी राहून लिहितेय, तेव्हा ते खोटं असण्याचं कारण नाही.

दुकानात आमचा टेस्ट बेंच आहे. बेंच म्हणजे एका फळीवर उघडा मांडलेला कॉम्प्युटर, ज्यात भाग बदलून बघता येतात. त्यावर मी कोटेशनमधलाच प्रोसेसर आणि तेच कार्ड चढवलं. एडिटिंगचं सॉफ्टवेअर उघडलं, फाइल टाइमलाइनवर टाकली. स्क्रीनवर एक म्हातारी बाई आली. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू, हातात हळदीच्या जात्याचा खुंटा. तिनं तोंड उघडलं आणि चित्र थांबलं. आवाज पुढे गेला. मग चित्र धावत त्याच्या मागे आलं. पुन्हा थांबलं.

"माझ्या लॅपटॉपवर पन असंच होतं," सुगंधाताई म्हणाल्या. "त्याला तर लाख नाय लागले."

त्या म्हाताऱ्या बाई म्हणजे त्यांच्या आत्या. धवलारीन. आगरी लग्नात मांडवापासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीला धवला गातात, आणि तो गाणारी बाई म्हणजे धवलारीन. ब्राह्मणाच्या बरोबरीनं तिचा मान. ही गाणी कुठं लिहिलेली नाहीत. आत्यांना चार दिवस पुरतील एवढी पाठ होती. सुगंधाताईंनी दोन वर्षं बसून ती सगळी शूट केली. मग आत्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. कायमचा.

आता अठरा दिवसांनी भाचीचं लग्न होतं. मांडवाच्या दिवशी दुपारी एलईडी स्क्रीनवर आत्यांचे धवले लावायचे आणि समोर आत्यांनाच बसवायचं, असं सुगंधाताईंनी ठरवलं होतं. दोन कॅमेरे, वेगळा रेकॉर्ड केलेला आवाज. ओठ आणि शब्द जुळवायचे तर चित्र न अडखळता चालायला हवं. पुन्हा शूट करणं शक्यच नव्हतं.

मी पळवाट काढली. "प्रॉक्सी करा ना. म्हणजे मोठ्या फाइलच्या छोट्या हलक्या प्रती. त्यांच्यावर काम करायचं, शेवटी मूळ फाइल आपोआप जोडली जाते."

"केल्या. एका गान्याला अख्खा दिवस गेला. एकशेबारा गानी हायेत. अठरा दिवसांत बसव."

मी प्रॉक्सीचा विषय सोडला. तेवढ्यात आमचे मालक नझीमभाई आले. मूळचे रायगडकडचे, किनाऱ्यावरचे. मी पूर्वी मोर्चांची पत्रकं लिहायची आणि अजूनही वाद घालते, म्हणून मला लीडर म्हणतात.

"काय लीडर, आज चेहरा का पडलाय? मोर्चात कोण आलं नाय काय?"

मी स्क्रीन दाखवली. ते म्हणाले, "मग याच्यापेक्षा मोठं कार्ड लाव. वरच्या शेल्फवर एक पडलंय. ताईंना डिस्काउंट देऊ."

ते कार्ड तीन महिने शेल्फवर पडून होतं. कुणाच्या तरी गळ्यात मारायचं होतं. मी तोंड उघडणार, एवढ्यात सुगंधाताईंनी वही काढली. दोनशे पानी, शाळेची. आत रकाने आखलेले. एकच फाइल त्यांनी सहा ठिकाणी चालवून बघितली होती. कुठं, कोणता कॉम्प्युटर, किती वेळा थांबली. वाशीतला स्टुडिओ, मोठं कार्ड, थांबली. बोनकोड्याच्या एका मुलाचा गेमिंग पीसी, दिवेच दिवे, थांबली. शेवटची ओळ त्यांनी बोटानं दाखवली.

"ह्ये वाच. माझा भाचा हिशेब लिहितो ना, त्याच्या हापिसातला डबा. त्यात कार्डच नाय. तिथं नाय थांबली. मला कारन कलत नाय, पन वही खोटं बोलत नाय."

मी त्या डब्याचा मॉडेल नंबर वाचला आणि कान तापले. त्यातला प्रोसेसर साधा होता. पण त्याच्या नावाशेवटी एफ नव्हता.

सोपं करून सांगते. कॅमेरा व्हिडिओ आहे तसा ठेवत नाही, घडी घालून ठेवतो, नाहीतर मेमरी कार्ड दोन मिनिटांत भरेल. एडिटिंग करताना सेकंदाला पंचवीस-तीस वेळा ती घडी उलगडावी लागते. घड्या घालायच्या पद्धती अनेक. सुगंधाताईंच्या कॅमेऱ्यात रंगाची जास्त माहिती ठेवणारी पद्धत निवडलेली होती. आमच्या बेंचवरच्या कार्डाला ती घडी उलगडताच येत नव्हती. सगळा भार प्रोसेसरवर पडत होता आणि तो धापा टाकत होता. ती घडी झटक्यात उलगडणारा भाग साध्या प्रोसेसरच्या पोटात असतो. नेमका तोच भाग मी पैसे वाचवायला म्हणून गाळला होता.

कॅमेरा कोणता, हे मी विचारलंच नव्हतं.

मी एफवाला प्रोसेसर उतरवला, त्याच श्रेणीतला बिनएफचा चढवला. फरक दीड-दोन हजारांचा. कार्ड काढून बाजूला ठेवलं. सेटिंग बदललं. फाइल लावली. आत्यांनी तोंड उघडलं, जातं फिरलं, आणि गाणं सुरू झालं ते थांबलंच नाही. नझीमभाई स्टूल ओढून पुढ्यात बसले. गाणं संपल्यावर म्हणाले, "आमच्यात पण हळदीला बायका गातात. अम्मी गायची. मी कधी मोबाईल पण समोर धरला नाय." मग मला म्हणाले, "ते मोठं कार्ड राहू दे वरच. जाऊ दे."

नवं कोटेशन आम्ही दोघींनी मिळून केलं. त्या प्रत्येक ओळीवर बोट ठेवून "ह्ये कशाला?" विचारत होत्या. रंग सुधारायला लागतं म्हणून एक मध्यम कार्ड. वाचलेले पैसे रॅममध्ये. रॅम म्हणजे कामाचं टेबल, ते जितकं मोठं तितक्या फाइल्स एकदम मांडता येतात. दोन एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क; एकीवर सॉफ्टवेअर, दुसरीवर चालू काम. एक साधी मोठी हार्ड डिस्क, फक्त कॉपी ठेवायला.

"आणि ह्या कॅबिनेटमधे दिवाली कशाला?"

"सगळे घेतात."

"काढ."

दिवे गेले. मग त्या म्हणाल्या, पॉवर सप्लायही स्वस्तातला घे. तिथं मात्र मी अडून बसले. तळवलीत वीज कशी येते-जाते ते त्यांनीच सांगितलं होतं. खराब पॉवर सप्लाय एकटा मरत नाही, डिस्क घेऊन मरतो, आणि डिस्कमध्ये आत्यांचा आवाज होता. त्यांनी माझ्याकडे जरा बघितलं. "आता बोल्लीस कामाचं," म्हणाल्या, आणि सही केली. एक लाखाच्या आतच बसलं.

मांडवाला मला आणि नझीमभाईंना आमंत्रण होतं. स्क्रीन मांडवात उभी केलेली, समोर खुर्चीत आत्या, गळ्याला उपरणं गुंडाळलेलं. हळदीचा धवला लागला. मी धंद्याच्या सवयीनं फक्त ओठ बघत होते. ओठ आणि शब्द एकदम. पडद्यावरचे, आणि खुर्चीतले सुद्धा. आत्या बिनआवाजाचं सगळं गात होत्या. हळूहळू बायकांनी पडद्याबरोबर सूर धरला. तिसऱ्या कडव्यात त्यांचा एक शब्द चुकला, तेव्हा आत्यांनी खुर्चीच्या हातावर थाडकन थाप मारली. सुगंधाताईंनी व्हिडिओ थांबवला, मागे नेला. बायकांनी ते कडवं पुन्हा म्हटलं. पुन्हा चुकलं, पुन्हा थाप. चौथ्या वेळी बरोबर आलं. आत्यांनी हात खाली घेतला आणि पुढं चालू द्या म्हणून बोट हलवलं.

माझ्या हाताखालून शेकडो मशिनी गेल्या. त्यातली एवढ्या कामाची दुसरी मला आठवत नाही, आणि ती निवडली एका दोनशे पानी वहीनं. सोमवारी दुकानात आल्यावर मी कोटेशनचा फॉर्म बदलला. पहिल्या ओळीत आता 'बजेट' नाही. तिथं लिहिलंय, 'फाइल आणलीत का?' नझीमभाई म्हणाले, "गिऱ्हाईक घाबरेल." अजून तरी कुणी घाबरलं नाही.

तुम्हाला एकच विनंती. कॉम्प्युटर घ्यायला निघाल तेव्हा तुमच्या कामातली सर्वांत जड फाइल पेनड्राइव्हवर घ्या. पैसे काढण्याआधी ती दुकानदारासमोर ठेवा आणि म्हणा, चालवून दाखव. तो हसला, तर उठा आणि पुढच्या दुकानात जा. आमच्याकडे आलात, तरी हेच करा.