मामाचं व्हेरी सॉरी
सरकीचा वास आला की मला वडील गेले तो हंगाम आठवतो. अमरावतीत कापसाच्या गाड्यांची रीघ होती आणि आई माजघरात कोरड्या डोळ्यांनी अकोल्याच्या भावाची वाट पाहत होती. माहेरचं माणूस आलं की त्याच्या गळ्यात पडून रडायचं, ही आमची रीत. मामा कापूस घेणाऱ्या गोऱ्या साहेबाकडे कारकून झाला होता. बूट न काढता दारात उभा राहून म्हणाला, "व्हेरी सॉरी, बाई. व्हेरी सॉरी." दाराशी धावत आलेल्या आईचे पुढे केलेले हात तसेच राहिले. "काय म्हनून राहिला वो हा?" तिनं शेजारणीला विचारलं. "साहेबाचं बोलनं व्हय, दुखवट्याचं." आई म्हणाली, "मंग माहा भाऊ कधी येईन?" आणि आत गेली. ती पुढे कधीच रडली नाही. आता नातवंडं पाय लागला तरी हाच 'सॉरी' शब्द फेकतात. मला तो अंगावर थुंकल्यासारखा वाटतो.