अंगारा कपाळाला

उठताना कुणी दंडाला धरलं की ती हात झटकायची. "माझं आतडं गेलंय. पाय हाईत की!"

मी साताऱ्याला येण्याआधीची गोष्ट. सांगलीच्या एका रुग्णालयात मी नर्स होते आणि घरी शिरेतून पोषण घेणारे पेशंट माझ्याकडे होते. पलूसची ही त्यांतली. आतड्याला पीळ पडला, ते जवळजवळ सगळं काढावं लागलं. रोज संध्याकाळी छातीतल्या नळीला दुधाळ पिशवी जोडायची, सकाळी सोडवायची. दिवसभर बाई मोकळी. ब्लाऊज शिवायची, घरादाराच्या भाकरी थापायची, स्वतः घोटभर चहा घ्यायची.

संध्याकाळी शेजारणी केळी घेऊन बघायला यायच्या. "एक घास तरी खा गं."

"माझं बी जेवान चाललंय की," ती पिशवीकडे बोट करायची. "फक्त खरकटं निघत न्हाई. भांडी तुमी घासा."

आजारपणातही घर चालवणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मला ती बरी वाटतात. आम्हा नर्सांचं निम्मं काम तीच करतात.

नवरा फौजेत, लांब. घरात सासू, तिला ती आत्ती म्हणायची. या आत्तीनं एकदा औंधहून यमाईचा अंगारा आणला आणि सून झोपलेली असताना चिमूटभर नळीच्या तोंडाशी लावला. जिथून सुनेचं अन्न आत जातं, तिथंच देवीचा हात असावा म्हणून. त्यातून जंतू गेले. हुडहुडी भरून ताप आला. नळी काढून दुसऱ्या बाजूला नवी घालावी लागली.

डॉक्टर म्हणाले, "अशा शिरा मोजक्याच असतात. घरातलं कुणीतरी हे काम नीट शिकलं तरच घरी सोडतो."

आत्ती वॉर्डाच्या दारातच बसून. "माझ्या हातानं वाटोळं झालं. मला न्हाई जमायचं."

मी तिच्या वडूजच्या नणंदेचं नाव सुचवलं.

"ती आपला संसार सोडून किती दिस ऱ्हाणार?" सून कॉटवरून म्हणाली, आणि दाराकडे बघून ओरडली, "आत्ती, मला घरला न्यायचंय का न्हाई?"

आत्ती आत आली.

"अंगारा कपाळाला. नळीला स्पिरिट. एवढं ध्यानात ठेवा."

"आन यमाई कोपली म्हंजे?"

"तिला मी सांगते. आईच हाय ती बी."

शिकवणी सुरू झाली. आत्तीनं मिश्री थुंकली, हात धुतले, मास्क लावला, हातमोजे घातले. आणि सवयीनं हात डोक्यावरच्या पदराला गेला.

"पदर!" कॉटवरून आवाज. "पुन्हा धुवा."

पुन्हा धुतले. पुन्हा पदर.

"आवं, हितं काय मामंजी बसल्यात व्हय?"

आत्ती मास्कच्या आत हसली. पण उभ्या जन्माची सवय ती. मी पिना लावून पाहिल्या, तरी हात वर जायचाच.

डॉक्टर परीक्षा घ्यायला आले त्या दिवशी पिशवी जोडता जोडता पदर सुटला आणि खांद्यावर आला. समोर परका पुरुष. आत्तीचे कान लाल झाले. हात जागचा हलला नाही. तिनं नळीचं तोंड पुसलं, वाळू दिलं, पिशवी जोडली.

पिशवीचा पंप सुरू झाला. तेव्हा सुनेनं कॉटवरून हात लांबवला, आत्तीला जवळ ओढून पदर नीट तिच्या डोक्यावर घातला आणि डॉक्टरांकडे वळली.

"बघितलं न्हवं? आता गाडी सांगा."