वळणावरची चक्की

आमदार ओळखीचा असला की लोक त्याच्याकडे कामं घेऊन जातात. आमचे आमदार पिठाची चक्की चालवतात, त्यामुळे लोक गहूसुद्धा घेऊन जातात. दळण होईपर्यंत बाकावर बसायचं, आणि बसलं की काहीतरी घडतंच! पाच वर्षांत असं इतकं साठलंय की कुठलं आधी घडलं, कुठलं नंतर, हे मला आता नक्की सांगता यायचं नाही.

प्रभाकरभाऊंची चक्की सक्करदऱ्यात, आमच्या गल्लीच्या वळणावर. पुढे चक्की, मागे घर. निवडून आले तरी सकाळी सात ते दहा भाऊ चक्कीवरच. नंतर शकुनवहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी. पहिल्या दिवसापासून भाऊंची सरकारकडे एक मागणी आहे: आमच्या गल्लीचा रस्ता रुंद करा, वळणावर ॲम्ब्युलन्स वळत नाही. गंमत अशी, की ते वळण अडवून उभी आहे ती त्यांचीच चक्की!

"मग मागता काहून?" मी एकदा त्यांच्याच भाषेत विचारलं.

"आधी मागू तर द्या, सर," भाऊ म्हणाले आणि पुढचा डबा उचलला.

*

आमच्या चक्कीवर माणसं रांगेत उभी राहत नाहीत, डबे राहतात. डबा ठेवायचा आणि भाजी घेऊन यायची. कुणी डबा पुढे सरकवत नाही.

हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत मुंबईहून पक्षाचे एक बडे पदाधिकारी आले. गाडी वळेना, म्हणून मोठ्या रस्त्यापासून चालत आले. "भाऊ, पाच मिनिटं महत्त्वाचं बोलायचंय."

"बोलू नं जी. नंबर लावा."

ते गोंधळले. वहिनींनी त्यांच्या हातात एक रिकामा डबा दिला. त्यांनी तो निमूटपणे सातवा ठेवला आणि माझ्या शेजारी बाकावर बसले. पाऊण तासाने नंबर आला. भाऊंनी सवयीने डबा उचलला, आत पाहिलं आणि म्हणाले, "हे काय, दळायला काहीच नाही आणलं?"

*

अर्ज द्यायचा तर तो लोक डब्यात गव्हावर ठेवतात. मुंबईला मंत्रालयात भाऊंचं पाकीट उघडताना म्हणे बाबू लोक आधी ते झटकतात, मग वाचतात.

एकदा एका काकूंचा नळाचा अर्ज गव्हासोबत दळला गेला! भाऊंना फार वाईट वाटलं. त्यांनी स्वतःच्या हाताने दुसरा अर्ज लिहून दिला.

"पाणी येईल नं, भाऊ?"

"पाणी येईल, काकू. तुम्ही फक्त पीठ चाळून घेजा."

*

भाऊंच्या संरक्षणाला राऊत नावाचे हवालदार आहेत. रामटेककडचे, घरी धानाची शेती. पहिले चार दिवस ते दारात ताठ उभे राहिले. पाचव्या दिवशी त्यांनी कुणाचा तरी डबा धरला, आणि महिन्याभरात खाकी पांढरी झाली.

एके दिवशी वरचे अधिकारी अचानक तपासणीला आले. भाऊ मुंबईत, वहिनी आत स्वयंपाकात. अधिकाऱ्यांनी समोरच्या पांढऱ्या माणसाला विचारलं, "राऊत कुठे आहे?"

"मीच आहो, सर."

"आमदार मुंबईत आहेत ना? मग तू इथे कोणाचं संरक्षण करून राहिला?"

"गव्हाचं, सर," राऊत सॅल्यूट ठोकून म्हणाले. "आधी गहू, मग ज्वारी, असा इथला नियम आहे. लक्ष नसलं की लोक मधातच ज्वारी टाकतात!"

*

पत्नी गेल्यानंतर मी पहिल्यांदा स्वतः दळण घेऊन गेलो.

"बारीक का जाड, सर?"

मला सांगता येईना. सव्वीस वर्षं त्या पिठाच्या पोळ्या खाल्ल्या होत्या. मागे डब्यांची रांग होती. भाऊंनी स्वतःच चक्की कसली. "तुमच्या घरच्या वहिनी बारीक नेत होत्या. अन् ज्वारीत मूठभर उडीद टाकत होत्या. पुढच्या वेळी घेऊन या."

उडदाचं मला ठाऊकच नव्हतं. मी विचारलं, "भाऊ, सगळ्या गल्लीचं असं पाठ आहे?"

"मतदारयादीपेक्षा पक्कं!"

*

गेल्या अधिवेशनात रस्त्याचा प्रश्न एकदाचा चर्चेला आला. आम्ही पाच-सहा जण बाकावर बसून मोबाईलवर सभागृह पाहत होतो. वहिनी चक्कीवर होत्या.

मंत्री म्हणाले, काम मंजूर आहे. परंतु वळणावरच्या एका मालमत्ताधारक महिलेची संमती मिळत नाही. मग त्यांनी वहिनींचं माहेरचं पूर्ण नाव वाचलं! चक्की वहिनींच्या वडिलांची, त्यांनी ती मुलीच्या नावावर केलेली. ही महिला कोण, हे सभागृहात फक्त भाऊंना माहीत होतं.

अध्यक्ष म्हणाले, "सन्माननीय सदस्यांनी स्वतः या भगिनींना भेटून त्यांची समजूत का काढू नये?"

भाऊ उभे राहिले. "अध्यक्ष महाराज, मी त्यांना रोजच भेटतो. समजूत त्याच माझी काढतात!"

सभागृह हसलं, बाक हसला. वहिनींनी मान वर केली नाही. "आवाज कमी करा वो तो. दळण ऐकू येऊन नाही राहिलं."

*

पुढच्याच सोमवारी वहिनींनी स्वतःचा डबा रांगेत ठेवला. नंबर आल्यावर भाऊंनी झाकण काढलं. गव्हावर अर्ज होता: माझी चक्की पाडू नये.

भाऊंनी तो दोनदा वाचला. लेटरहेड मागवलं, अर्जाचा सहानुभूतीने विचार व्हावा अशी शिफारस लिहिली, सही केली, शिक्का मारला.

आठवड्याने रस्ते खात्याच्या साहेबांचा फोन आला. "भाऊ, तुमची दोन पत्रं आलीत. एकात चक्की काढा, एकात काढू नका. खरं कोणतं?"

"दोन्ही," भाऊ म्हणाले.

शेवटी साहेब टेप घेऊन, मोजणीचा माणूस घेऊन स्वतःच आले. वहिनींनी मला घरून बोलावून घेतलं.

"भाऊजी, त्या दिवशी गाडी कुठं थांबली होती?"

दोन वर्षांपूर्वी आमच्या घरी येणारी ॲम्ब्युलन्स वळली नव्हती. भाऊ, राऊत आणि मी, आम्ही माझ्या पत्नीला घरापासून गाडीपर्यंत उचलून नेलं होतं. मी जागा दाखवली.

वहिनी त्या जागेवर जाऊन उभ्या राहिल्या. तिथून आमच्या दारापर्यंत बराच वेळ पाहत राहिल्या. मग त्यांनी मोजणीवाल्याच्या हातातला खडू घेतला, चक्कीत शिरल्या आणि मशीनच्या मागून, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक रेघ ओढली.

"इथवर घ्या."

"बाई, यात तर चक्की पूर्ण जाते," साहेब म्हणाले. "मग दळाल कुठे?"

वहिनींनी मागचं दार उघडलं. आत भाऊंची बैठक होती: मोठा सोफा, विधानभवनासमोरचे फोटो, भेटायला येणाऱ्यांसाठी खुर्च्या. भाऊ दारातच उभे होते.

"पाहून काय राहिले?" वहिनी त्यांना म्हणाल्या. "धरा नं सोफा त्या बाजूनं!"