घड्याळजींची बिनपगारी मंडळी

घड्याळजींनी जन्मभर लोकांची घड्याळं उघडली आणि बहुतेक वेळा मिटवलीही. नजर अधू झाल्यावर दुकान मुलाकडे गेलं आणि त्यांच्या हातांची खाज न्हाणीच्या सांडपाण्याकडे वळली. परसात तीन पिंपं आली: पहिल्यात खडी, दुसऱ्यात वाळू, तिसऱ्यात कर्दळ. न्हाणीचं पाणी एकीकडून शिरायचं आणि दुसरीकडून बागेसाठी निघायचं. मधलं, मळ खाऊन पाणी साफ करायचं काम खडीला चिकटलेले जिवाणू करायचे. त्यांना घड्याळजी ‘आपली मंडळी’ म्हणत. पगार नाही, रजा नाही, उलट उत्तर नाही. घरात अशी माणसं त्यांना प्रथमच लाभली होती.

बायकोची अट एकच. "वास आला की पिंपं बाहेर. तुमचं मग बघू."

अशात घड्याळजींच्या थोरल्या बहिणीचा निरोप आला: रविवारी येते. या आक्कांचं नाक घराण्यात प्रसिद्ध होतं. एका भाचीचं ठरलेलं लग्न नवरदेवाच्या मोज्यांवरून मोडल्याचं श्रेय त्या नाकाला जात असे. नवऱ्याची फजिती चारचौघांत होऊ नये (ती करायचा हक्क तिचा एकटीचा होता), म्हणून बायकोने गुरुवारी न्हाणीत फिनाइलची अख्खी बाटली ओतली.

रविवारी परसात नासक्या अंड्यांचा दरवळ होता.

"कोण मेलंय रे?" आक्कांनी दारातूनच विचारलं.

"मंडळी," मूठभर खडी हुंगत घड्याळजी सुतकी आवाजात म्हणाले. "फिनाइल कुणी ओतलं?"

"मी," बायको म्हणाली. "तुमची लाज राखायला. मला काय माहीत, या मेल्यांना स्वच्छता सोसत नाही ते!"

"मग काढून टाक ही पिंपं," आक्कांनी भावाला फर्मावलं.

बायको उसळली. "काढून काय टाक, वन्सं? जीव मी घेतला, आता घरही त्यांचंच पाडू?"

घड्याळजींनी चाचरत उपाय सांगितला. खडी साध्या पाण्याने धुवायची आणि तिच्यात जित्या तळ्याचा गाळ कालवायचा, दुधाला विरजण लावतात तसा. दुपारी नणंद-भावजय बादली घेऊन सार्वजनिक बागेतल्या तळ्यावर गेल्या. कुठला गाळ जिता आणि कुठला कुजका, हे आक्कांनी काठावर ओणवं होऊन, हुंगून ठरवलं. माळ्याने हटकलं तेव्हा "कानातलं पडलंय" म्हणाल्या.

महिन्याभरात वास गेला, पिंपं राहिली. वास खरंच गेला की नाही, याची खात्री करायला आक्का आता दर रविवारी येतात आणि जेवूनच जातात.