चाकाखालचा कागद

बाबांच्या पिकअपला दहा वर्षं पूर्ण व्हायला तीन आठवडे उरले होते. त्यानंतर डिझेलची गाडी दिल्लीत चालवू देत नाहीत. साताऱ्याचा माझा चुलतभाऊ ती न्यायला तयार होता, पण बाबांनी अट घातली. आधी रॅम्पवर चढवून बघायची. पूर्वीचा आकडा आला तर सातारा, नाहीतर भंगार. खिळखिळी गाडी घरच्याच माणसाच्या गळ्यात मारणं त्यांना पटत नव्हतं. हट्टीपणात त्यांचा हात कोणी धरू शकत नाही, मी तर नाहीच.

डिसेंबरच्या एका रविवारी आम्ही दोघं मयूर विहारहून मानेसरच्या पुढे गेलो. तिथे एका शेतात आडवाटांवर गाड्या घालणाऱ्या ऑफ-रोडवाल्यांसाठी रॅम्प, म्हणजे सिमेंटचा चढ, बांधलेला आहे. धुरकं इतकं, की मागच्या टेकड्या दिसतच नव्हत्या. पुढचं एकच चाक त्या चढावर न्यायचं. सस्पेन्शन जितकं लवचीक, तितकं ते वर जातं आणि बाकीची तीन चाकं जमिनीवर टेकून राहतात. मागचं चाक जमिनीवरून सुटलं की थांबायचं आणि चढावरचं अंतर टेपने मोजायचं. चाक सुटल्याचं कळावं म्हणून बाबा त्याखाली वर्तमानपत्राचा कागद दाबून ठेवत आणि हलकेच ओढत राहत. कागद सरकला की चाक उचललं. गाडी नवी असताना त्रेपन्न इंच आले होते.

कागद मी धरते, असं मी म्हटलं. वर्षभरापासून त्यांचे हात थरथरत होते आणि घरात त्यावर कोणी बोलत नसे. आई त्यांचा चहाचा कप अर्धाच भरायची आणि आम्ही सगळे टीव्हीकडे बघायचो. त्यांनी मला स्टिअरिंगवर बसवलं आणि स्वतः मागे उकिडवे बसले.

गाडी इंचाइंचाने चढली. ते "बस" म्हणाले. मी हँडब्रेक ओढून उतरले, टेप लावली. एक्केचाळीस. बाबांनी मुठीतला कागद जॅकेटच्या खिशात कोंबला, "स्प्रिंगा बसल्या हिच्या. खतम," म्हणाले आणि तोंड फिरवून उभे राहिले.

मागचं चाक जमिनीवरच होतं. त्याखालून अर्धा कागद डोकावत होता. तो सरकला नव्हता, त्यांच्या हातात फाटला होता. पुन्हा मोजू या, एवढंच म्हणायचं होतं. पण मग का, तेही सांगावं लागलं असतं. मी गप्प बसले. तेव्हा मला ती माया वाटली. खरं तर मी भ्याले होते.

गाडी भंगारात गेली. त्यानंतर बाबांनी खाली पार्किंगमध्ये जाणंच सोडलं. वयाने होतं असं, आई म्हणायची. मी वर्षभर ते ऐकून घेतलं.

यंदा थंडी पडली तसं ते जॅकेट बाहेर निघालं. उन्हात टाकण्याआधी बाबांनी खिसे उलटे केले तेव्हा कागदाचा बोळा पडला. गुडघ्यावर ठेवून तो सपाट करायला त्यांना बराच वेळ लागला. फाटकी कड त्यांनी बोटाने चाचपली आणि उरलेला तुकडा चाकाखालीच होता का, असं विचारलं. मी हो म्हणाले.

"मग बोलली का नाहीस?"

मी त्यांच्या हातांकडे बघत राहिले, आणि ते त्यांच्या लक्षात आलं.

"हातांचं मला केव्हाचं माहीत आहे, बेटा," ते म्हणाले. "गाडीचं माहीत नव्हतं. ते तू सांगायचं होतंस."