बाजारातून आलेली आई

अभिनयाच्या पहिल्या वर्गात मी रडून टाळ्या मिळवल्या होत्या. यात लाजायचं काही नाही. शेहेचाळिसाव्या वर्षी नोकरी सांभाळून, रविवार मोडून विरारच्या एका शाळेच्या हॉलमध्ये जायचं आणि अनोळखी माणसांसमोर रडायचं, हे काही खायचं काम नाही. सगळे म्हणाले, तुमचा अभिनय फार नैसर्गिक आहे. मी फुगले आणि लगेच पुढच्या वर्गात नाव घातलं.

तिथे माझ्या रडण्याला कोणी विचारीना. शिकवणारा मुलगा माझ्याहून चांगलाच लहान. बोलायला अदबशीर, पण कुणाचं कौतुक करायचं म्हणजे त्याच्या जिवावर यायचं. तो म्हणाला, "आवाज, चाल, हातवारे तुम्हाला जमतात. आता ओळखीचं एक माणूस निवडा आणि ते माणूस होऊन आमच्यासमोर या."

मी आई निवडली. आईला जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. अर्नाळ्याची आमची आई जन्मभर विरारच्या बाजारात मासे विकत बसली. पाटी खाली ठेवायची तिची लकब, गिऱ्हाइकाने पापलेट दाबून पाहिलं की "आंबा हाय काय तो?" म्हणून तिचं ठसक्यात विचारणं, सगळं मला पाठ. मी ते केलं आणि वर्ग हसून लोळला. शिकवणारा तेवढा हसला नाही. मग म्हणाला, "नक्कल झकास. पण या बाईंना हवंय काय, ते दिसलं नाही. पापलेट विकायचंय ते कळलं. त्याच्यापलीकडे?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, "तुम्ही माझ्या आईला पाहिलं तरी आहे का?"

"नाही ना," तो म्हणाला. "म्हणून तर बघायचंय."

त्याच दिवसांत अर्नाळ्याहून वहिनीचे फोन सुरू झाले. बाबा जेवत नाहीत. आमच्याकडे पुरुषाने मासळी आणायची आणि बाईने ती बाजारात नेऊन विकायची. ती परत येईपर्यंत बाबा कधी जेवत नसत. कितीही उशीर होवो. "ती उन्हात बसलेय नि मी गिळू?" म्हणायचे. आता आई गेली हेच त्यांच्या डोक्यातून पुसलं गेलं होतं. ताट पुढे आलं की म्हणायचे, "ती आली नाय अजून," आणि ताट सरकवायचे. भावाने समजावलं, तो चिडला, एकदा तर त्याने आईच्या फोटोचा हार दाखवला. त्या दिवशी बाबा लहान पोरासारखे रडले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दाराकडे बघत बसले. माणूस वाळत चालला होता. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल. आयुष्यभर ताजी मासळी खाल्लेल्या माणसाला नळी.

मग मी ठरवलं, आई तर आपल्याकडे तयारच आहे. तिचं लुगडं नेसले, तिची पाटी उचलली, ती यायची तशी मागच्या दाराने शिरले आणि तिच्या ठसक्यात बोलायला सुरुवात केली. बाबांनी मान वर केली. "कोन तू? तिची थट्टा करते?" म्हणाले आणि हात उगारला. मला जन्मात कधी चापट न मारलेले माझे बाबा.

बाहेर पडवीत जाऊन बसले. राग आला तो त्या शिकवणाऱ्याचा, कारण मेला बरोबर बोलला होता. मग आठवायला लागले, की बाजारातनं आलेली आई घरात कशी असायची? ठसका नसायचाच. सगळा आवाज ती बाजारात संपवून यायची. पाटी हळूच टेकवायची, भिंतीला पाठ लावायची, पाय पसरायची आणि डोळे मिटून बसायची. काही विकत न मागणारं एखादं माणूस जवळ असावं, एवढंच तिला हवं असायचं.

पुढच्या खेपेला मी ना लुगडं नेसले, ना आवाज काढला. ऑफिसच्याच कपड्यांत मागच्या दाराने आले, भिंतीला टेकले, पाय सोडले. सकाळपासूनची दमणूक अंगात होतीच, ती लपवली नाही. बऱ्याच वेळाने म्हटलं, "पानी द्या जरा."

बाबा उठले. गुडघ्यांवर हात रेटत आत गेले आणि तांब्या घेऊन आले. "उशीर केलास आज."

"ऊन होतं."

"चल, जेवून घेऊ," म्हणाले आणि जेवले. आमटी-भात, वर मासळीचा तुकडा. वहिनी चुलीपाशी तोंडात पदर धरून उभी होती.

वर्गातही मी तेच केलं. कोणी हसलं नाही. शिकवणारा "आता आल्या," एवढंच म्हणाला आणि वर्गाच्या नाटकातली मोठी भूमिका त्याने मला दिली. ती मला मनापासून हवी होती. मिळाली तेव्हा मात्र मला घरी जाऊन कोणालाच सांगावंसं वाटलं नाही.

कारण ऑफिसातून दुपारची सवलत मागून, रिक्षाने अर्नाळा गाठून मी रोज बाबांसमोर बसत होते आणि बाबांना मुलगीच उरली नव्हती. माझं नाव नाही, माझी चौकशी नाही. त्यांच्या अंगाला मांस धरत होतं, आणि माझा जीव तीळ तीळ तुटत होता. बायको परत आली होती त्यांची. मी कुठे होते?

नाटक झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मला राहवलं नाही. पेढे घेऊन पुढच्या दाराने गेले. आज मी मीच. "बाबा, नाटक झालं माझं. छान झालं."

बाबांनी सदरा सारखा केला. "बसा. ती बाजारात गेलेय. मासळी पायजे तर ती आली की तिला बोला."

मी त्यांचा हात धरला. "बाबा, मी तुमची मुलगी."

त्यांनी हात हळूच सोडवून घेतला. परक्या बाईचा सोडवतात तसा, अगदी सभ्यपणे. मला रडू फुटलं. आवरता आवरेना. बाबा घाबरले, मागच्या दाराकडे बघायला लागले, की ती आता येईल आणि या बाईचं काय ते बघेल.

ताट वाढून तयार होतं. मी उठले, बाहेर नळावर तोंड धुतलं, घराला वळसा घालून मागच्या दाराने आत आले आणि भिंतीला टेकले. पाणी मागितलं. बाबांनी आणून दिलं, मग जेवायला बसले. दोन घास झाल्यावर जवळ सरकले आणि आवाज उतरवून म्हणाले, "एक बाई आलती गो. रडत व्हती. कोनाची काय म्हाईत. तिला जेवाला बसवायला पायजे व्हतं."

मी डोळे उघडले नाहीत. आई जे बोलली असती तेच बोलले.

"तिचं हाय घर. ती जेवेल तिकडं. तुमी जेवा."